जुन्या संगणकांच्या सहवासात

एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीची अपडेट बंद झाली, तेव्हा आमच्या गावच्या वाचनालयातले चार संगणक भंगारात निघाले होते. मी कार्यकारिणीकडून आठ दिवस मागून घेतले. विंडोजऐवजी लिनक्स टाकून त्यांतले दोन आजही चालतात. पुढे ओळखीपाळखीतले बरेच जुने संगणक हाताखालून गेले. त्यातून जे उमगलं ते असं.

१. आधी स्क्रू ड्रायव्हर, मग लिनक्स. "फार स्लो झालाय, फॉरमॅट मारून द्या," म्हणून आलेल्या एका डेस्कटॉपचं झाकण काढलं, तर प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीचा थर गोधडीसारखा बसलेला. हीटसिंक उचललं, तर खालची पेस्ट वाळून खडूची भुकटी झालेली. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग उतरवतो. मग कुठलीही सिस्टीम टाका, तो कण्हतच चालणार. धूळ ब्रशने काढली, नवी पेस्ट लावली, रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासले. निम्मं दुखणं तिथेच गेलं.

२. तारीख तपासा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की प्लग काढून लावल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं. मग सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत, अपडेटही अडतं. एकदा मी अख्खी दुपार राउटरच तपासत बसलो होतो. बिघाड नाण्याएवढ्या सेलचा होता.

३. विंडोज ३२ बिटचं होतं म्हणून प्रोसेसरही ३२ बिटचा, असं धरून चालू नका. कोअर टू ड्युओ ६४ बिटचा आहे. टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' ही आज्ञा दिली की लगेच कळतं. २००८च्या सुमाराचे ॲटम एन२७० वाले छोटे लॅपटॉप मात्र खरंच ३२ बिटचे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्स आवृत्तीने ३२ बिटचा इन्स्टॉलर काढून टाकला, त्यामुळे त्यांच्यावर मी डेबियन १२ ठेवतो.

४. कुठलं लिनक्स टाकायचं? एक जीबी रॅम असेल तर अँटीएक्स, दोन असेल तर लुबुंटू किंवा एमएक्स, चार असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, हा माझा हिशेब. पण खरं ओझं डेस्कटॉपचं नसतं, ब्राउझरचं असतं. चार टॅब उघडले की हलक्यातल्या हलक्या लिनक्सचीही रॅम भरते. झेडरॅम सुरू केलं तर रॅममधलाच मजकूर दाबून बसवला जातो आणि हार्डडिस्कची खरखर थांबते. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाकलं की पानंही हलकी होतात.

५. पैसे खर्च करायचेच तर एसएसडीवर करा. साटा जोडणी असलेल्या कुठल्याही मशीनला १२० जीबीची एसएसडी लावा. इतका फरक दुसऱ्या कशाने पडलेला मी पाहिला नाही.

६. मराठीचं आधी बघा. हा धडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिला संगणक तयार करून दाखवला, तेव्हा ग्रंथपाल मॅडमनी एकच विचारलं, "सर, यावर मराठी टाइप होतं ना?" फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड अर्ध्या तासात बसले. पण त्यांनी सभांच्या इतिवृत्ताची जुनी फाइल उघडली आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं व चिन्हं उमटली. ते सगळं लेखन युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये होतं. वाचनालयाची कित्येक वर्षांची नोंद त्यात अडकली होती! जुनी डिस्क मी पुसली नव्हती, म्हणून ती नोंद वाचली. त्या डिस्कवरून विंडोज सुरू करून एकेका फाइलची पीडीएफ केली, मग कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणला. जोडाक्षरं मॅडमनी हाताने दुरुस्त केली. तेव्हापासून कुणाचीही डिस्क पुसण्याआधी 'मराठी फाइली कुठल्या फॉन्टमध्ये आहेत?' हे विचारतोच.

७. जे होणार नाही ते आधीच सांगून टाका. एन२७० वर दहा जणांचा व्हिडिओ कॉल चालणार नाही. काही पेंटियम ४ तर एवढे तापट, की नुसता प्रोसेसरच ८० वॅटच्या पुढे वीज खातो. तो दिवसभर चालवण्यात शहाणपण नाही. त्याचे सुटे भाग काढून घ्यावेत आणि बाकीचं ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. सहाव्या पिढीच्या आय-फाइव्हवर कंपनीच्या नियमाप्रमाणे विंडोज ११ बसत नाही. अशी मशीनं आता घराघरांतून निघतील, आणि माझ्या लेखी ती जुनी नाहीतच. तुमच्याकडे असेल तर आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स घ्या, मशीन त्यावरून बूट करा आणि 'लाइव्ह'मध्येच राहा. इन्स्टॉल दाबलं नाही तर डिस्कवरच्या फाइली जागच्या जागी राहतात. वायफाय लागतं का, आवाज येतो का, मराठी नीट दिसतं का, बघा. भंगारवाल्याला हाक त्यानंतर मारा.