ग्रंथालयातील ई-पुस्तके : शोध आणि देवघेव

पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसली तरी वाचनाची भूक असतेच. आपल्या समाजातील विद्यार्थ्यांची भिस्त आजवर ग्रंथालयावर राहिली आहे. संदर्भाचे एखादे पुस्तक हजार-बाराशे रुपयांचे, तालुक्याच्या वाचनालयात त्याची एकच प्रत आणि तीही कुणीतरी घरी नेलेली, हा अनुभव नवा नाही. आता खिशात मोबाईल आला. त्यावर पुस्तके मिळतात हे सर्वांना ठाऊक असते, पण रीतसर कशी मिळवावीत हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक भेद ध्यानात घेऊ. इंटरनेटवरील पुस्तके दोन प्रकारची असतात : कायमची उतरवून घेता येणारी आणि ठरावीक मुदतीसाठी वाचायला मिळणारी. हा भेद कायद्यातून आला आहे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ही वर्षे पुढील १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तके सर्वांना मोकळी झाली. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, तेव्हा ‘ययाती’ २०३६ अखेरपर्यंत हक्काखाली आहे. पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांसाठी २०६० संपेपर्यंत थांबावे लागेल. लेखकाचे निधनवर्ष माहीत असले की पुस्तक फुकट शोधायचे की मुदतीवर मागायचे, हे आपल्याला घरबसल्या ठरवता येते.

मोकळ्या पुस्तकांबद्दल फार सांगावयास नको. इंग्रजीसाठी ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ आहे. मायकेल हार्ट यांनी १९७१ साली त्याचा आरंभ केला आणि आज तेथे ७० हजारांहून अधिक पुस्तके आहेत. मराठीसाठी राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ ग्रंथ संगणकावर आणले आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक प्रकाशने त्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात. मराठी विश्वकोशही तसाच खुला आहे.

खरी गंमत मुदतीच्या पुस्तकांत आहे. अमेरिकेत ‘लिबी’ नावाचे ॲप सार्वजनिक ग्रंथालयांशी जोडलेले आहे. वाचकाने आपल्या ग्रंथालयाचा कार्ड क्रमांक त्यात भरायचा, पुस्तक निवडायचे आणि ते मोबाईलवर उघडायचे. मुदत बहुधा ७, १४ किंवा २१ दिवसांची असते. ती संपली की पुस्तक आपोआप परत जाते, म्हणजे दंडाचा प्रश्नच नाही! मात्र पुस्तक दुसऱ्याकडे असेल तर नंबर लावून थांबावे लागते. संगणकातल्या पुस्तकाला रांग कशाला, असे कोणीही विचारील. कारण असे की ग्रंथालय ई-पुस्तकाचे मालक नसते. प्रकाशक त्याला परवाना देतो, आणि बहुतेक वेळा एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने तर २०११ साली असा नियम केला की एक ई-पुस्तक २६ वेळा दिले गेले की ग्रंथालयाने परवाना पुन्हा विकत घ्यावा. कागदी पुस्तकाची शिवण उसवली तर बाइंडरकडे देता येते, परवान्याला तसे करता येत नाही. बँकेत खतावण्या सांभाळणाऱ्या आम्हाला तरी हा व्यवहार खरेदीपेक्षा भाड्याच्या खोलीसारखा वाटतो.

आपल्याकडे सर्वाधिक उपयोग होतो तो सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’चा. ब्रूस्टर केल यांनी ही संस्था १९९६ साली स्थापली. ई-मेल देऊन विनामूल्य खाते उघडले की हक्काखालील काही पुस्तके एका तासासाठी, तर काही १४ दिवसांसाठी वाचता येतात. तत्त्व असे की कपाटात जितक्या छापील प्रती, तितक्याच वाचकांना एका वेळी द्यायच्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात संस्थेने ही मर्यादा तात्पुरती उठवली. जूनमध्ये चार मोठ्या प्रकाशकांनी दावा दाखल केला. मार्च २०२३ मध्ये निकाल संस्थेच्या विरोधात गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. या वादात पाच लाखांहून अधिक पुस्तके देवघेवीतून काढावी लागली. म्हणून आज एखादे पुस्तक तेथे दिसते, पण घेता येत नाही. लेखकाला मानधन मिळाले पाहिजे हे आम्हाला मान्य आहे. पण जी पुस्तके बाजारात मिळतच नाहीत, ती तरी वाचकाला मिळण्याची सोय हवी होती, असे आमचे मत आहे.

येथे एक थोडे विषयांतर. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना बडोद्यास आणले आणि पुढे लाकडी पेट्यांतून गावोगाव पुस्तके फिरू लागली. पेटी गावात आली की मुदतीपुरते वाचायचे आणि पेटी पुढे जायची. मुदतीचे ई-पुस्तक यापेक्षा फार निराळे नाही. असो.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आपल्या ग्रंथपालांना ‘एन-लिस्ट’बद्दल जरूर विचारावे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ही योजना आहे. महाविद्यालय सभासद असल्यास विद्यार्थ्याला स्वतःचा सांकेतिक शब्द मिळतो व इंग्रजी ई-पुस्तके घरी वाचता येतात. सभासदत्व असूनही विद्यार्थ्यांना त्याचा पत्ता नाही, असे प्रकार आम्ही पाहिले आहेत. आयआयटी खरगपूरने उभारलेले व जून २०१८ मध्ये देशाला अर्पण झालेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय ही मुख्यतः एक प्रचंड सूची आहे. पुस्तक कोठे आहे ते ती दाखवते. प्रत्यक्ष पुस्तक मूळ ठिकाणी उघडते, आणि काही ठिकाणी वर्गणी लागते.

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ मोबाईलवरून सर्रास फिरतात. त्या घेऊ नयेत. लेखक-प्रकाशकांचे नुकसान आहेच, शिवाय फिरणारी आवृत्ती बहुधा जुनी असते. कायदा बदललेला, आकडे बदललेले, आणि विद्यार्थी मात्र रात्र जागून जुनेच पाठ करतो!

शेवटी शोधाविषयी. पुस्तकाचे नाव आधी देवनागरीत टाकावे, मग रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ प्रकल्पातील मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत वाटेल तशी लिहिली गेली आहेत, त्यामुळे ‘श्यामची’चे ‘शामची’ करूनही पाहावे. नावाने न सापडल्यास लेखकाच्या आडनावाने शोधावे. मोबाईल लहान असेल आणि पीडीएफ व ईपब दोन्ही मिळत असतील तर ईपब घ्यावे, कारण त्यातील अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. स्कॅन केलेली पीडीएफ मात्र ओळ न् ओळ बाजूला सरकवत वाचावी लागते. अशी पुस्तके वाचनालयातील संगणकावर वाचलेली बरी.