पोवळ्यांच्या टाकींतील पाणी व त्याची परीक्षा

आमच्या शाळेंतून पूर्वीं शिकून गेलेला एक विद्यार्थी सध्यां नोकरीनिमित्त जर्मनींत राहतो. त्यानें घरीं २०० लिटर पाणी मावणारी कांचेची टाकी ठेविली असून तींत समुद्रांतील रंगीत मासे व जिवंत पोवळीं पाळलीं आहेत. गेल्या हिंवाळ्यांत एके रात्रीं त्याचा दूरध्वनि आला. “सर, पाणी आरशासारखें निर्मळ आहे, मासे मजेंत हिंडत आहेत, पण पोवळ्यांची कातडी सुटत चालली आहे!” पाण्याची परीक्षा कशी करावी हें त्यास वर्गांत आम्हींच शिकविलें होतें, आणि त्याच आठवड्यांत टाकींत काय घालावें हेंही आम्हींच सांगितलें होतें. तेव्हां ही हकीकत बालवाचकांस व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींस सांगणें आम्हांस प्राप्तच आहे.

पोवळें दिसावयास दगड किंवा झाड, परंतु आहे प्राणी. एका फांदीवर शेंकडों सूक्ष्म जीव शेजारीं शेजारीं राहतात आणि आपल्या मऊ देहाखालीं चुन्याचा सांगाडा रचतात. शिंपल्यांत व संगमरवरांत जें कॅल्शियम कार्बोनेट असतें, तेंच या सांगाड्यांत असतें. त्याचें सर्व सामान पाण्यांतूनच यावयाचें. एक कॅल्शियम, व दुसरें बायकार्बोनेट. आम्ल घातलें असतां त्याचा जोर मारण्याची जी शक्ति पाण्यांत मुख्यत्वें बायकार्बोनेटामुळें असते, तिला अल्कता असें म्हणतात. टाकी पाळणारे लोक ती जर्मन अंशांत मोजतात. समुद्राच्या पाण्याची अल्कता सुमारें साडेसहा ते सात अंश असते. टाकींत ती सामान्यतः ७ ते ९ अंश राखतात.

आतां कॅल्शियम सोडून अल्कतेचीच एवढी काळजी कां? याचें उत्तर साध्या त्रैराशिकांत आहे. पोवळ्यांनीं २.८ अंश अल्कता खर्च केली कीं त्याबरोबर लिटरमागें २० मिलिग्रॅम कॅल्शियमही जातें. समुद्राच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें; त्यांतून २० गेलें म्हणजे सारा विसावा भाग गेला. परंतु ७ अंशांतून २.८ गेले म्हणजे पुंजीचे दोन पंचमांश उडाले! ज्या घरीं तांदळाचें पोतें भरलेलें पण मिठाची बरणी लहान, त्या घरची गृहिणी रोज बरणींतच डोकावते. समुद्रास ही चिंता नाहीं, कारण त्याची बरणी केवढी! दोनशें लिटरांच्या टाकीस मात्र ती आहे.

दुसऱ्याही परीक्षा असतात. टाकी नवी असतां पहिले कांहीं आठवडे अमोनिया व नायट्राइट हे विषारी पदार्थ पाहावे लागतात. पुढें तेथें वसणारे सूक्ष्म जंतु त्यांचें नायट्रेट करून टाकतात. पी. एच. हा पहाटे उतरलेला व सायंकाळीं चढलेला आढळतो, म्हणून तो नेहमीं ठराविक वेळींच पाहावा. खारटपणा हजारीं ३५ भाग असावा. टाकींतील पाणी रोज थोडथोडें वाफ होऊन जातें, पण मीठ उडत नाहीं. यास्तव उणें झालेलें पाणी शुद्ध गोड्या पाण्यानेंच भरावें लागतें. हा शेवटला नियम आमच्या विद्यार्थ्यास तोंडपाठ होता. वाचकांनींही तो ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व घोटाळा त्यांतच दडला आहे.

अल्कतेची परीक्षा कशी करितात? टाकींतील थोडें पाणी मोजून कुपींत घ्यावयाचें, त्यांत रंगदर्शक द्रव्य टाकावयाचें, म्हणजे तें निळसर दिसतें. मग बारीक पिचकारीनें सौम्य आम्ल थेंबथेंब सोडीत कुपी हालवावयाची. निळा रंग जाऊन गुलाबी छटा आली कीं थांबावें व किती आम्ल लागलें तें पाहावें. जितकें आम्ल अधिक, तितकी अल्कता अधिक. येथें आम्लाची तीव्रता ठरलेली आहे असें आपण गृहीत धरितों. त्या गृहीताकडे आमचें लक्ष गेलें नाहीं.

विद्यार्थ्याच्या वहींत सहा महिन्यांत अल्कतेचा आंकडा ८ वरून ७ वर व ७ वरून ६ वर आला होता. त्यानें आमचा सल्ला विचारला. आम्हीं मोठ्या उत्साहानें हिशेब मांडला. १०० लिटर पाण्याची अल्कता एक अंश चढविण्यास ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. तेव्हां २०० लिटरांत तीन अंश चढवून ती ९ वर नेण्यास १८ ग्रॅम. गणित चोख होतें. दुसऱ्या दिवशीं आंकडा ९ यावयाचा, तो सव्वाआठच आला. “सर, पाऊण अंश गेला कोठें?” असें त्यानें विचारिलें. प्रश्न अगदीं योग्य होता. आम्हीं मात्र “अरे, पोवळ्यांनीं खाल्ला असेल” असें उत्तर देऊन आणखी ६ ग्रॅम घालावयास सांगितलें. जीं पोवळीं दोन अंश खावयास सहा महिने घेतात, तीं एका रात्रींत पाऊण अंश कशीं खातील, हा विचार तेव्हां आम्हांस सुचला नाहीं. आंकडा ९ आला. आम्ही संतुष्ट झालों. चौथ्या दिवशीं तो दूरध्वनि आला.

त्यानें पाणी एका दुकानांत नेऊन दाखविलें. तेथें अल्कता १२ भरली! दोन साक्षी, दोन जबान्या, खरा कोण? तेव्हां आम्हीं त्यास एक उपाय सांगितला, जो आधींच सांगावयास हवा होता. एक लिटर शुद्ध पाण्यांत ३ ग्रॅम सोडा विरघळविला कीं त्या पाण्याची अल्कता १०० अंश होते. त्याचा एक भाग व शुद्ध पाण्याचे नऊ भाग मिळविले म्हणजे बरोबर १० अंशांचें पाणी तयार होतें. हें पाणी आपण स्वतः केलेलें असल्यामुळें त्याचें उत्तर आपणांस आधींच ठाऊक असतें. नव्या बाटलीनें त्याचे १० अंश दाखविले; जुन्या बाटलीनें साडेसात.

म्हणजे जुनी बाटली प्रत्येक वेळीं खऱ्याचा पाऊण हिस्साच सांगत होती. तिनें ६ म्हटलें तेव्हां पाणी ८ होतें, ९ म्हटलें तेव्हां १२. पाण्यांत खोट मुळींच नव्हती. ती आम्हीं घातली. बाटलीचें बूच सैल होतें, आणि ती टाकीच्या दिव्याजवळ उबेंत ठेविलेली असे. आंतील पाणी हळूहळू उडालें, आम्ल मागें राहिलें व तीव्र झालें. मग थोडक्यानेंच रंग पालटूं लागला. टाकीचें पाणी उडतें म्हणून रोज गोडें पाणी ओतणाऱ्या मुलास व त्याच्या शिक्षकास बाटलींतील पाणीही उडत असेल हें सुचूं नये, याचें आजही नवल वाटतें.

टाकींत आम्ल ओतून अल्कता उतरविण्याचा मोह त्यास झाला होता. तो आम्हीं आवरिला, कारण दोन दिवसांत झालेल्या चढावानेंच पोवळीं पोळलीं होतीं. थोडथोडें पाणी बदलून तीन आठवड्यांनीं आंकडा ८ वर आला. पांच फांद्यांपैकीं तीन नुसत्या पांढऱ्या काड्या होऊन राहिल्या, दोन वांचल्या.

हें वाचून कोणास मालवणच्या समुद्रांतील पोवळें घरीं आणावेसें वाटल्यास त्यानें तसें करूं नये. सन २००१ पासून सांगाडा रचणारीं पोवळीं वन्य जीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत आहेत, व तीं काढणें गुन्हा आहे. ज्यास परीक्षा करून पाहावयाची असेल त्यानें समुद्राचें बाटलीभर पाणी आणावें. अल्कता त्यांतही सांपडते.

आमच्या विद्यार्थ्यानें वहींत आतां एक रकाना वाढविला आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस तो दहा अंशांचें पाणी करून आधीं बाटली तपासतो, मग टाकी. त्याचें पत्र आलें त्या आठवड्यांत आम्हीं शाळेच्या प्रयोगशाळेंतील आम्लाच्या बाटल्या काढून पाहिल्या. दोहोंचीं बुचें सैल निघालीं.