कोरडा खोकला आणि औषधाची बाटली

थंडीला आरंभ झाला की आमच्या तिगावात घरोघर खोकल्याची ढास ऐकू येऊ लागते. पहाटेचा गारठा, कपाशीच्या वेचणीत उडणारी धूळ, चुलीचा धूर अशी कारणे सभोवार पुष्कळ आहेत. मग कोनाड्यातील जुनी बाटली शोधली जाते. ती रिकामी असल्यास दुकानात जाऊन ‘खोकल्याचे औषध द्या’ एवढेच सांगून नवी आणली जाते. कोणता खोकला आणि कोणते औषध, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. त्याचाच विचार आपण येथे करू.

श्वासनलिकेत धूर, अन्नाचा कण किंवा कफ आला की तेथील मज्जातंतू मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रास वर्दी देतात. ते केंद्र छातीचे व पोटाचे स्नायू एकदम आवळावयास लावते आणि हवा जोराने बाहेर फेकली जाते. खोकला हा असा शरीराचा पहारेकरी आहे. कफ सुटत असेल तर खोकला दाबणे म्हणजे घाण बाहेर टाकणाऱ्याचे हात बांधणे होय. कफ छातीतच कोंडून राहतो. पडसे ओसरल्यावर जी कोरडी ढास मागे राहते तिची गोष्ट निराळी. तिच्यातून बाहेर काही पडत नाही, झोपमोड मात्र होते. खोकला शमविणारी औषधे आहेत ती एवढ्यापुरतीच.

त्यांपैकी डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे विशेष प्रचारात आहे. कोडीन हे अफूतील द्रव्य असून त्याची सवय जडते व श्वास मंदावतो. मुलांना ते देऊच नये. दोन्ही औषधे मेंदूतील केंद्रास शांत करतात. खोकल्याचे कारण दूर करीत नाहीत. पुष्कळ बाटल्यांत त्यांच्या जोडीला क्लोरफेनिरामाइन असते. त्याने गुंगी येते. ते घेऊन मोटारसायकल किंवा मळणीयंत्र चालवू नये, आणि दारूशी तर त्याचा संबंधच येऊ देऊ नये. काही बाटल्यांत खोकला दाबणारे व कफ पातळ करणारे अशी दोन्ही औषधे एकत्र असतात. एक म्हणते थांब, दुसरे म्हणते बाहेर काढ. असे मिश्रण कशासाठी करतात, हे आम्हांस आजवर उमगलेले नाही.

आता लहान मुलांविषयी. आणि येथे आपल्या भागावर ओढवलेल्या अनर्थाचा उल्लेख करणे प्राप्त आहे. 2025 साली पावसाळा सरता सरता परासिया व आसपासच्या गावांतील मुलांना साधा सर्दी-ताप झाला. औषध दिल्यावर काही दिवसांतच त्यांची लघवी बंद झाली व मूत्रपिंडे निकामी झाली. अनेकांना नागपूरच्या रुग्णालयांत हलविण्यात आले, तरी वीसहून अधिक मुले दगावली. बहुतेक पाच वर्षांखालील होती. छिंदवाड्याबरोबर बैतूल व आपला पांढुर्णा हे जिल्हेही या दुःखातून सुटले नाहीत. तामिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालेल्या ‘कोल्ड्रिफ’ या औषधाच्या एका बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष 48.6 टक्के आढळले. चालू शकणारी मर्यादा 0.1 टक्का! ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेश सरकारने त्या औषधावर बंदी घातली आणि पुढे कारखान्याचा परवानाही रद्द झाला.

हे द्रव्य कारखान्यांतून वापरले जाते. औषध विरघळविण्यासाठी जे शुद्ध द्रव वापरतात त्यांच्यासारखेच ते दाट, पारदर्शक व गोड असते, स्वस्तही असते. 1937 साली अमेरिकेत त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशाच दूषित ग्लिसरीनने 14 रुग्ण मृत्यू पावले व न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमावा लागला.

हे विष डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. त्याची तपासणी करणे हे कारखान्याचे आणि सरकारचे काम. आईबापांना ते घरी करता येणारे नाही. त्यांच्या हाती एकच गोष्ट राहते : गरज नसता बाटली न उघडणे. आणि लहान मुलांच्या बाबतीत गरज क्वचितच असते. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत व पाच वर्षांखालील मुलांनाही सामान्यतः देऊ नयेत, असे केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये कळविले आहे. मुलांचा असा खोकला बहुधा आपोआप बरा होतो. कोमट पाणी, विश्रांती, धुरापासून दूर ठेवणे आणि वर्ष उलटलेल्या मुलास थोडा मध, एवढे पुष्कळ असते. वर्षाच्या आतील बाळास मध मात्र चाटवू नये.

मोठ्यांनी औषध घ्यावयाचेच तर डॉक्टरांना विचारून घ्यावे. स्वयंपाकघरातील चमचे लहानमोठे असतात, म्हणून बाटलीबरोबर मिळणाऱ्या खुणेच्या झाकणानेच ते मोजावे. दोन निरनिराळ्या नावांच्या बाटल्यांत एकच औषध असू शकते, तेव्हा त्या एकदम घेऊ नयेत. मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असल्यास ते आधी सांगावे; काहींचा डेक्स्ट्रोमेथॉर्फनशी घातक विरोध आहे.

कोरडा खोकला कधी निराळ्याच गोष्टीची खूण असतो. रात्री वाढणारा खोकला दम्याचा असू शकतो. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिल घेणाऱ्या आजोबांची ढास त्या गोळीमुळेही असेल. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. दोन आठवडे उलटूनही खोकला राहिला तर क्षयाची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती विनामूल्य होते.

धाप लागणे, ओठ निळसर पडणे, थुंकीत रक्त दिसणे, किंवा औषध दिल्यानंतर मुलास वारंवार उलटी होऊन लघवी कमी होणे, यांपैकी काही आढळल्यास सकाळची वाट पाहू नये. दवाखान्यात जाताना ती बाटलीही बरोबर न्यावी, रिकामी झाली असली तरी. तिच्यावरील बॅच क्रमांकावरून त्याच औषधाच्या इतर बाटल्या कोणाकोणाच्या घरी पोहोचल्या आहेत, याचा शोध घेता येतो.