रडायची वाट पाहू नको

आठव्या महिन्यात झालेलं लेकरू भूक लागली की रडेल, असं धरून बसू नको पोरी. त्याच्या अंगात रडायचाही जोर नसतो. ते झोपून राहतं, घरचे म्हणतात, किती गुणाचं आहे. मला त्या गुणाचीच धास्ती वाटते. दर दोन तासांनी उठवायचं, रात्रीही. दुपटं काढ, तळपाय चोळ. मोबाइलात गजर लावून दे.

1800 ग्रॅमच्या खालचं लेकरू घरी ठेवायचंच नाही, दवाखान्याच्या नवजात कक्षात न्यायचं. तिथून घरी आलेलं किंवा त्याहून थोडं मोठं, ते आपलं आशांचं काम. चोखणं, गिळणं, श्वास घेणं यांचा मेळ 34व्या आठवड्याच्या सुमारास बसायला लागतो. तोवर, आणि नंतरही ते थकत असेल तर, वाटी-चमचा. हात साबणाने धुवून आईनं दूध पिळायचं. बोंडी दाबायची नाही, तिच्यामागचा काळा भाग दाबायचा. वाटी-चमचा उकळलेला. डोकं उंच धरून चमचा खालच्या ओठाला टेकव, लेकरू आपणच ओढून घेईल. ओतू नको, ठसका लागतो. दूध पाजायची बाटली तर घरात दिसताच कामा नये.

1900 ग्रॅमच्या लेकराला पहिल्या दिवशी एका वेळेला साधारण दोन चमचे, म्हणजे दहा मिली. एवढं पुरतं यावर सासूचा विश्वास बसत नाही, ती गूळपाणी नाहीतर शेळीचं दूध काढते. तिच्याशी भांडू नको. चमचा तिच्याच हातात दे, आठवड्याने पाच चमचे जातात ते तिलाच मोजू दे. पहिला पिवळा चीक मात्र फेकू देऊ नको.

गार पडलेलं लेकरू पीत नाही. टोपी, मोजे, लंगोट, बाकी उघडं, आईच्या छातीशी लुगड्यानं बांधायचं. पहाडावरची थंडी तुला ठाऊक आहे. आई जेवायला बसली की बापाच्या छातीशी. बापे आधी लाजतात, मग सोडत नाहीत. आणि बाळंतिणीला नुसत्या वरणाच्या पाण्यावर ठेवणाऱ्या घरात मी अजूनही तोंड सोडते: भाकरी, तुरीची डाळ, भाजी, अंडं, पोटभर.

गडचिरोलीत बंग डॉक्टरांनी गावातल्याच बायांना लेकरांची अशी घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्यांच्या 39 गावांत, इतर गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, असं 1999 साली छापून आलं. तुझ्या गृहभेटीच्या वहीचं मूळ तिथंच आहे.

पहिल्या आठवड्यात वजन उतरतं, घाबरू नको. दोन आठवड्यांत ते जन्माइतकं झालं पाहिजे, पुढे रोज वीस-तीस ग्रॅम. दिवसाला सहा वेळा लघवी झाली तर दूध पुरतंय. डॉक्टरांनी लिहिलेले लोहाचे, ड जीवनसत्त्वाचे थेंब घरचे विसरतात, थेंबांची बाटली उजेडाला धरून किती उरलंय ते पाहा.

पिणं थांबलं, अंग ढिलं पडलं, छाती आत ओढली जायला लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, 102 ला फोन. पण प्रत्येक गुड्यावर, म्हणजे वस्तीवर, रेंज कुठल्या टेकाडावर मिळते, ते आधीच पाहून ठेव.