शेल स्क्रिप्टला माहिती देताना मोजून द्या

दुकानाचा हिशेब लिनक्सवर ठेवणाऱ्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी आज एक छोटा, पण पैशाशी संबंध असलेला धडा.

शेल स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला द्यायच्या आदेशांची लिहून ठेवलेली यादी. यादी एकच, पण माल आणि भाव रोज निराळे. म्हणून ही माहिती स्क्रिप्टच्या नावापुढे, मध्ये जागा सोडून टाइप करतात. तिला आर्ग्युमेंट म्हणतात. समजा, स्क्रिप्टचे नाव ‘बिल’ आहे. ‘बिल लुंगी ४० ९०’ असे इंग्रजी अक्षरांत व अंकांत टाइप केले, की लुंगी डॉलर-एकमध्ये, ४० नग डॉलर-दोनमध्ये आणि ९० रुपये भाव डॉलर-तीनमध्ये जातो. गुणाकार ३६०० रुपये. १९७९ च्या बोर्न शेलमधली ही रीत आजच्या बॅशमध्येही कायम आहे.

आमची फसगत अशी झाली. आम्ही ‘बिल पांढरी लुंगी ४० ९०’ असे टाइप केले. मोकळी जागा दिसली की शेल पुढचा शब्द वेगळा धरतो. त्यामुळे नगाच्या जागी ‘लुंगी’ आली आणि भावाच्या जागी ४०. गणितात अंकाऐवजी शब्द आला, तर बॅश त्याला व्हेरिएबलचे नाव समजतो; ते रिकामे असल्याने किंमत शून्य. बिल शून्य रुपयांचे निघाले, आणि चूक झाल्याची सूचना एकही नाही! गठ्ठा बांधून तयार होता. मुनीमजींची नजर पावतीवर पडली म्हणून निभावले.

तेव्हापासून आम्ही चार गोष्टी पाळतो :

१) दोन शब्दांचे नाव अवतरणचिन्हांत टाइप करावे. स्क्रिप्टच्या आतही डॉलर-एक दुहेरी अवतरणांतच लिहावे, नाहीतर नाव पुढे पुन्हा फुटते.

२) डॉलर-हॅश म्हणजे आलेल्या आर्ग्युमेंटची संख्या. ती तीन नसेल, तर सूचना दाखवून स्क्रिप्टने तेथेच थांबावे. ही एक ओळ असती, तर आमचे बिल निघालेच नसते.

३) नऊच्या पुढचा आकडा महिरपी कंसात लिहावा. कंसाशिवाय डॉलर-दहा लिहिले, तर शेल डॉलर-एक घेऊन त्यापुढे शून्य चिकटवतो.

४) फायली पुसणाऱ्या स्क्रिप्टमध्ये तर दुप्पट सावधगिरी हवी. ‘हिशेब’ फोल्डरमधील डॉलर-एक नावाचे वर्ष पुसा, असा आदेश असेल आणि वर्ष द्यायचे राहिले, तर सगळे ‘हिशेब’ फोल्डरच पुसले जाऊ शकते.

कापड मोजल्याशिवाय आपण फाडत नाही. स्क्रिप्टलाही आधी मोजायला लावा, मगच काम सांगा.