भरतीच्या पाण्याची जागा

मुंबई हे मूळचे सात बेटांचे स्थान. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीची खिंड बांध घालून बुजविण्यात आली, १८४५ मध्ये माहीम व वांद्रे यांना जोडणारा रस्ता खुला झाला आणि पुढे भरावामागून भराव पडत गेले. १९५१ साली सुमारे ३० लाख लोकवस्ती असलेले बृहन्मुंबई २०११ पर्यंत सव्वा कोटीच्या घरात पोहोचले. या वाढीला जी जमीन लागली, तिचा मोठा भाग खाजणांतून मिळाला.

खाजण म्हणजे पडीक जमीन, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. वस्तुतः ही जमीन अखंड कामात असते. उधाणाचे पाणी येथे पसरते आणि ओहोटीला परत जाते. तिवर, चिप्पी यांसारख्या खारफुटी वृक्षांच्या मुळांशी गाळ अडतो, लाटांचा जोर मोडतो आणि काठाची धूप थांबते. कोळंबी, चिंबोरी, निवटी यांची वाढ याच चिखलात होत असल्याने कोळी बांधवांच्या उपजीविकेचा तो आधार आहे. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग व वडाळा येथील मिठागरेही पावसाळ्यात आसपासचे पाणी सामावून घेतात.

मिठी नदीचा धडा

विहार व पवई तलावांच्या सांडव्यापासून निघणारी मिठी नदी सुमारे १८ किलोमीटर वाहत जाऊन माहीमच्या खाडीस मिळते. तिच्या मुखाजवळची दलदल हे पुराचे पाणी विसावण्याचे स्थान होते. वांद्रे-कुर्ला संकुलासाठी तेथे भराव पडला, विमानतळाजवळ प्रवाहाला काटकोनी वळणे घ्यावी लागली, तर अन्यत्र वस्त्या व कारखान्यांनी पात्र आक्रसले.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यातच दुपारी भरती आली. शहराची जुनी पर्जन्यजल वाहिनी ओहोटीच्या वेळी ताशी २५ मिलिमीटर पावसाचा निचरा होईल, एवढ्याच बेताने आखलेली होती. भरती चढली की समुद्राचेच पाणी नाल्यांच्या मुखांतून आत शिरते. वरून पाऊस, समोरून समुद्र आणि मध्ये विसाव्यास जागा नाही, अशा कोंडीत शेकडो माणसे दगावली. सर्वाधिक झळ नदीकाठच्या सखल वस्त्यांतील गरिबांना बसली. एवढा पाऊस कोणत्याही शहराला जड गेला असता, हे खरे. परंतु पाण्याची जागा गेल्याने संकटाची तीव्रता वाढली, हेही तितकेच खरे.

नियोजनातील उपाय

खाडीपलीकडे नवी मुंबई वसविताना १९७० च्या दशकापासून वेगळा मार्ग अवलंबिला गेला. भरतीरेषेखालील जमिनीसाठी धारण तलाव खोदले गेले. भरतीच्या वेळी झडपा मिटतात, पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला खाडीत सोडले जाते. मात्र या तलावांत गाळ साचून खारफुटी उगवली, तेव्हा त्यांची साठवणक्षमता घटली. निसर्गाचे काम यंत्रणेवर सोपविले की तिची निगाही कायमची पत्करावी लागते.

कायद्याचे पाठबळही क्रमाने वाढले. १९९१ मध्ये केंद्र सरकारने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. सध्या २०१९ ची अधिसूचना तिच्या जागी आहे. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीस मनाई केली आणि २०१८ च्या निकालात तिचा नाश हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरविला. २०१२ मध्ये राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला.

समुद्राची पातळी वाढत असताना हाजी अली, इर्ला येथील उदंचन केंद्रे उपयुक्त आहेतच. पण पंप पाणी उपसतो, ते मुरवून ठेवत नाही. म्हणून यापुढे विकास आराखड्यात रस्ते व शाळांप्रमाणेच भरतीच्या पाण्यासाठीही जागा राखून ठेवणे अगत्याचे आहे. डेब्रिजचा पहिला ट्रक खाजणात रिकामा होतो, तेव्हाच स्थानिक नागरिकांनी व नगरपालिकांनी हरकत घ्यावयास हवी. भराव घालणे काही दिवसांचे काम असते. गेलेले खाजण परत मिळविणे जवळजवळ अशक्य असते.