नियमावली आधी, पायाभरणी मागाहून

उतारवयात मुलांवर भार न होता, परंतु आपल्या माणसांच्या सान्निध्यात, स्वतःच्या कुलपाकिल्लीच्या घरात राहावे, ही इच्छा आज पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू लोकांपुरती उरलेली नसून कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील आमच्या जोयडा तालुक्यासारख्या अरण्यमय प्रदेशातही ती मूळ धरू लागली आहे. आणि ज्या समाजाने ती प्रत्यक्षात उतरविण्याचे मनावर घेतले असेल त्याने आधी काय करावे आणि मागाहून कशाला हात घालावा, याविषयी अशा एका वसाहतीचे दप्तर सांभाळताना मला जे उमगले, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

आमच्या तालुक्याचा विस्तार मोठा, पण वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, आणि तीही रानाच्या कुशीत विखुरलेली. काळी नदीवर गणेशगुडी येथे बांधलेले १०१ मीटर उंचीचे सुपा धरण १९८७ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात सुपा हे तालुक्याचे जुने ठाणे बुडाले, कचेऱ्या जोयड्यास आल्या आणि विस्थापितांपैकी पुष्कळांचे बिऱ्हाड रामनगरला पडले. त्या वेळी जे ऐन उमेदीत होते ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत, आणि त्यांची मुले गोव्यात, बेळगावात, पुण्यात नोकरीधंद्याला लागली आहेत. गाव तर एकदा गेलेच होते. आता घरातली माणसेही पांगली. अशा स्थितीत आमच्या ज्ञातिबांधवांच्या मंडळापुढे पुण्याहून आलेल्या काही तरुणांनी, तिकडील 'अथश्री'सारख्या ज्येष्ठांच्या वसाहती पाहून, आपल्याही वृद्धांसाठी लहान लहान स्वतंत्र घरांची वसाहत उभारावी असा प्रस्ताव मांडला, आणि तो टाळ्यांच्या गजरात संमत झाला. तालुका कचेरीत कारकुनीत हयात घालविलेला म्हणून दप्तर माझ्याकडे आले. नकाशा झाला, वर्गणी झाली, कुदळ पडली. नियमावलीचा विषय मात्र दर सभेत कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी राहिला आणि दर वेळी पुढच्या सभेवर ढकलला गेला. त्यातून जे जे उद्भवले ते अंतःकरणाच्या खोटेपणामुळे उद्भवले असे मला कधीच वाटले नाही. सगळी माणसे सद्भावाची होती, आणि केवळ सद्भावावर विसंबून राहिल्यामुळेच त्यांच्यात वितुष्ट आले.

पहिली गोष्ट जमिनीची. एका उदार गृहस्थाने आपल्या ताब्यातील जमीन मंडळाला देऊ केली आणि भर सभेत तसे जाहीरही केले. परंतु आमच्याकडे जमीन ताब्यात असणे, ती नावावर असणे आणि ती देता येणे या तीन सर्वस्वी निराळ्या गोष्टी आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला हक्क वारसांकडे जातो, पण तो विकता, दान करता किंवा कोणाच्याही नावे करून देता येत नाही. तो पती-पत्नी दोघांच्या नावे असतो. शिवाय आमच्याकडील कुणबी समाज कर्नाटकात अनुसूचित जमातींत गणला जात नसल्यामुळे (गोव्यात त्याच समाजाला २००३ साली तो दर्जा मिळाला) त्याला तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि कित्येकांचे दावे त्या पुराव्यापाशीच अडतात. वनखात्याच्या हद्दीतील जमिनीचा इतर कामासाठी उपयोग करावयाचा तर १९८० च्या वनसंरक्षण कायद्यान्वये केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. स्वतःच्या मालकीची शेतजमीन असली तरी १९६४ च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांकडून ती बिनशेती करून घ्यावी लागते. आणि दान म्हणाल, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे ते नोंदलेल्या व दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेल्या बक्षीसपत्राखेरीज पूर्ण होतच नाही. तोंडी दिलेल्या जमिनीवर आमची जोती चढली, आणि दात्याच्या पश्चात त्यांच्या वारसांनी, त्यांच्या दृष्टीने अगदी रास्तपणे, हिशेब मागितला. तडजोड झाली, पण वसाहतीचा निम्मा निधी तिच्यात खर्ची पडला. म्हणून माझे सांगणे असे की, उतारा, बोजाचा दाखला, मोजणीचा नकाशा आणि वनखात्याची हद्द या चार गोष्टी वकिलाने एकत्र पाहिल्याखेरीज वर्गणीची पावतीपुस्तके छापूसुद्धा नयेत.

दुसरी गोष्ट अनामतीची. घरे विकावयाची नाहीत, रहिवाशाला तहहयात वहिवाट द्यावयाची आणि त्याबद्दल अनामत घ्यावयाची, असे ठरले होते, आणि तो विचार मला आजही योग्य वाटतो. कारण मालकी दिली की एका पिढीत ती वसाहत वृद्धांची न राहता वारसांची होते. परंतु परत करावयाची रक्कम बांधकामात घालणे म्हणजे दुसऱ्याची ठेव आपल्या भिंतीत चिणून टाकणे होय. एक वृद्ध दांपत्य प्रकृतीच्या कारणाने मुलीकडे जाऊ लागले तेव्हा त्यांची अनामत परत देण्यासाठी मंडळापाशी पैसा नव्हता. नवीन रहिवासी येईपर्यंत थांबा, असे त्यांना सांगावे लागले, आणि ऐंशीच्या घरातील माणसाला 'थांबा' म्हणणे किती अनुचित आहे हे ते सांगताना जाणवले. २०१६ च्या स्थावर मालमत्ता कायद्याने, पाचशे चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडावरच्या अथवा आठांहून अधिक घरांच्या विक्रीच्या प्रकल्पांना, घेतलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचे आणि नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम न घेण्याचे बंधन घातले आहे. तहहयात वहिवाटीच्या घरांना ते बंधन लागू होईलच असे धरून चालू नये. यास्तव तेच बंधन आपण आपल्या नियमावलीत आपल्या हाताने घालून घ्यावे, अनामत मुदतबंद ठेवीत ठेवावी, आणि ती किती दिवसांत, कोणाला, कोणती वजावट करून परत करावयाची, हे आकड्यांनिशी लिहावे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो. मुद्रांकाचा खर्च वाचविण्याच्या मोहाने अकरा-अकरा महिन्यांचे कागद करण्याची जी रीत शहरांत पडली आहे, ती ज्याला उरलेले आयुष्य त्या घरात काढावयाचे आहे त्याच्या बाबतीत वापरू नये.

याच संदर्भात एक गोष्ट मुलांविषयी. आमच्या एका रहिवाशाने, मासिक खर्च मुलगा देईल या भरवशावर, आपली शेती बक्षीसपत्राने मुलाच्या नावे करून दिली. पुढे खर्च येईनासा झाला. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या कायद्याचे कलम २३ अशा वेळी हस्तांतरण रद्द करण्याची तरतूद करते खरे, परंतु सांभाळण्याची अट त्या दस्तऐवजातच स्पष्ट लिहिलेली असली तर वृद्धाची बाजू भक्कम राहते. वसाहतीत प्रवेश देताना अर्जदाराला हे समजावून सांगणे हे मी मंडळाचे कर्तव्य मानतो, मग कोणी त्याला घरगुती कारभारात ढवळाढवळ म्हटले तरी चालेल.

आता ज्या प्रश्नासाठी मी मुख्यतः लेखणी हाती घेतली त्याकडे वळतो. वसाहत 'स्वतंत्र' राहणाऱ्यांची. स्वतःचे स्नान, स्वयंपाक, औषधपाणी ज्याचे त्याने करावे, ही तिची मूळ कल्पना. पण स्वातंत्र्य हे वृद्धत्वाचे स्थायी लक्षण नव्हे. आज ना उद्या ते संपावयाचे असते, आणि ज्या दिवशी ते संपेल त्या दिवसाचा विचार नियमावलीच्या पहिल्या पानावर असावा लागतो. आमच्यातील एका विद्वान, मितभाषी गृहस्थांना हळूहळू विस्मृती जडू लागली. प्रथम गॅस चालू राहू लागला, मग रात्री-अपरात्री ते दार उघडून 'सुप्याला जातो' म्हणून चालू लागत; एकदा ते पहाटे रानाच्या वाटेवर सापडले, आणि भोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आहे हे लक्षात घेतले म्हणजे त्या रात्रीची आमची अवस्था सांगावयास नको. शेजाऱ्यांनी आळीपाळीने राखण केली, पण शेजारीही सत्तरीचेच. मुलगा परदेशी, तो म्हणे, मंडळाने ठरवावे. मंडळ म्हणे, आम्हाला अधिकार कोणता? आणि ते स्वतः, ज्यांना ठरविण्याचा खराखुरा अधिकार होता, ते आता ठरवू शकत नव्हते.

त्यांनी मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवले होते, आणि त्यावर सर्वांची भिस्त होती. परंतु १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचे चित्त स्थिर राहिले नाही की मुखत्यारीच संपुष्टात येते. ज्या क्षणी त्या कागदाची निकड असते नेमक्या त्याच क्षणी तो निरुपयोगी होतो, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. त्याऐवजी दोन मार्ग उपलब्ध आहेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे कोणाही सज्ञान व्यक्तीला, बुद्धी शाबूत असताना, आपला प्रतिनिधी नेमून ठेवता येतो आणि आपल्यावर उपचार कसे व्हावेत वा होऊ नयेत याविषयी आगाऊ निर्देश देता येतात. आणि अंतिम आजारातील कृत्रिम उपचारांविषयीचे इच्छापत्र, ज्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली, ते २०२३ च्या सुधारित निर्णयानंतर नोटरीपुढे किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येते. हे दोन्ही कागद प्रवेशाच्या अर्जाबरोबरच घ्यावेत. त्याखेरीज, रहिवाशाच्या क्षमतेची पाहणी कोणी करावी, किती कालांतराने करावी, मदतनीस ठेवण्याची मुभा किती दिवस, आणि वसाहतीतून अन्यत्र हलविण्याची वेळ आलीच तर कोठे, हे त्याच्याच तोंडून, त्याच्याच सहीने लिहून घ्यावे. पाहणी करणारा वैद्य मंडळाचा पदाधिकारी नसावा; नाही तर वैद्यकीय निर्णयाला गटबाजीचा वास लागतो. ज्यांना हे अमंगळ वाटते त्यांना मी इतकेच विचारतो की, आपल्याविषयीचा निर्णय आपण असताना आपण घ्यावा, की आपण नसल्यासारखे असताना परक्यांनी घ्यावा?

विधवा स्त्रियांचा प्रश्नही याच जातीचा. वहिवाटीचा कागद पतीच्या एकट्याच्या नावे, आणि पतीच्या तेराव्याच्या दिवशी एक आजी मला विचारतात, "भाऊ, आता हे घर माझं, की तुमच्या मंडळाचं?" त्यांना तेथून कोणीही हलविणार नव्हते; पण तो प्रश्न विचारण्याची पाळी त्यांच्यावर यावी हेच गैर होते. कागद दोघांच्या नावे असावा आणि मागे राहणाऱ्याची वहिवाट अबाधित राहील, हे निःसंदिग्ध शब्दांत लिहावे.

बांधणीविषयी फार लिहीत नाही, कारण त्याचे मार्गदर्शन तयार आहे. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ साली निवृत्तांच्या निवासांसाठी आदर्श तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत, आणि महाराष्ट्राच्या 'महारेरा'ने २०२४ साली अशा प्रकल्पांना किमान निकष घालून दिले आहेत: चाकाची खुर्ची जाईल अशी ९०० मिलिमीटर रुंदीची दारे, उंबरठा नसणे, न घसरणारी फरशी, न्हाणीघरात धरावयाचे दांडे. आम्ही कर्नाटकात असलो तरी पाहावयास कोणाची आडकाठी नाही. आमच्याकडे मुसळधार पावसाने अंगणात शेवाळ धरते आणि वृद्धांची हाडे न्हाणीत मोडतात त्याहून अधिक अंगणात मोडतात, एवढी स्थानिक भर मी घालीन. उताराच्या वाटेला बारा फुटांस एक फूट याहून अधिक चढ नको, आणि तिच्यावर छप्पर हवे.

जागेची निवड करताना निसर्गशोभेपेक्षा इस्पितळाचे अंतर पाहावे. मोठ्या उपचारांचे सुसज्ज रुग्णालय जिल्ह्यात हवे म्हणून उत्तर कन्नडमधील जनतेने वर्षानुवर्षे मागणी केली आहे. ती पुरी होईपर्यंत आमच्या माणसांना बेळगाव, हुबळी किंवा गोवा गाठावा लागतो, आणि पावसाळ्यात अणशीचा किंवा अनमोडचा घाट केव्हा अडेल याचा नेम नसतो. म्हणून रुग्णवाहिका कोणाची, चालक कोण, रात्री किल्ली कोणाकडे, इस्पितळातली आगाऊ रक्कम कोणत्या निधीतून, हे भिंतीवर लिहून लावलेले असावे. उन्हाळ्यातल्या पाण्याची तजवीजही तशीच. एकट्या कूपनलिकेवर वसाहत उभारू नये.

राहता राहिली भाषा. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता, आणि आमच्यातील कित्येक वृद्ध मराठी शाळेत शिकलेले. कोकणी बोलतात, मराठी वाचतात. दस्तऐवज मात्र कानडीत होतात, आणि न वाचता आलेल्या कागदावर अंगठा किंवा सही करण्याची सवय विस्थापनाच्या काळापासून आमच्या अंगी पडली आहे. ती मोडलीच पाहिजे. प्रत्येक कराराला मराठी प्रत जोडावी, आणि तो रहिवाशाला त्याच्या एका नातेवाइकाच्या समक्ष मोठ्याने वाचून दाखविल्याची नोंद दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी ठेवावी. स्वयंपाकघर सामाईक असेल तर शाकाहार-मांसाहाराचा निर्णयही याच वाचनात सांगून टाकावा, कारण त्यावरून होणारी भांडणे जमिनीच्या दाव्याहून चिवट असतात.

आमच्या मंडळाने आता ही सर्व कलमे घालून नवी नियमावली तयार केली असून तिचा मसुदा वकिलाच्या हाती आहे. जुन्या रहिवाशांचे करार तिच्या आधारे नव्याने करून दिले जातील, पती-पत्नी दोघांच्या नावे. आणि ते सर्व नोंदले जाईपर्यंत एकाही नवीन अर्जदाराकडून अनामत स्वीकारू नये, असा ठराव साधारण सभेने एकमताने केला आहे.